पाऊस गेला, मग डास का वाढले?

प्रश्न : आमचं घर कराडजवळच्या एका गावात, पाच गुंठ्यांच्या जागेत आहे. पुढे अंगण, मागे परस. परसात सिमेंटचा हौद, वापरात नसलेला आड, केळी, अळू आणि संडासाची सेप्टिक टाकी. नळाला दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे साठवण करावीच लागते. पावसाळ्यात डास होते, पण सोसण्याइतके. घट बसल्यापासून मात्र सकाळी तुळशीला पाणी घालतानासुद्धा पाय फोडून काढतात आणि दिवेलागणीनंतर ओसरीवर बसायची सोय उरलेली नाही. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला, मोरीत फिनेल ओतलं, ग्रामपंचायतीची धुराची गाडीही येऊन गेली. दोन दिवस बरं वाटतं, की पुन्हा तेच. गल्लीत डेंग्यूचे दोन पेशंट निघालेत, घरात चार वर्षांचा नातू आहे. थंडी पडेपर्यंत वाट बघायची की काही करता येईल?

उत्तर : ताई, थंडीची वाट बघू नका. तुमच्याकडे डासांच्या दोन जाती आहेत आणि त्यातली एक थंडीत उलट वाढते.

सकाळी तुळशीपाशी चावतो तो एडिस. काळा, पायांवर पांढरे पट्टे, आवाज जवळजवळ नाहीच, आणि आवडती जागा म्हणजे घोटा आणि पोटरी. सकाळी उन्हं चढेपर्यंत आणि दुपार कलल्यापासून तिन्हीसांजेपर्यंत त्याचा जोर असतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्या यांचा वाहक हाच. तो गटारात होत नाही, त्याला भांड्यातलं, साचलेलं, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी लागतं. आणि तो लांब उडत नाही. साधारण शंभर-दोनशे मीटरच्या आतच त्याचा जन्म जातो. म्हणजे तुळशीपाशी चावणारी मादी तुमच्या नाहीतर शेजारच्या परसातच जन्मली आहे.

दिवेलागणीनंतर येतो तो बहुतेक क्युलेक्स. तपकिरी, अंगावर ठळक खूण नाही, कानाशी गुणगुणतो. हत्तीरोगाचा वाहक. त्याला घाण पाणी लागतं : तुंबलेली मोरी, थांबलेलं गटार आणि सगळ्यांत लाडकी जागा म्हणजे सेप्टिक टाकी. हा किलोमीटर-दीड किलोमीटरवरूनही येऊ शकतो, त्यामुळे त्याचा पुरता बंदोबस्त एका घराच्या हातात नाही. पण परसातच टाकी असेल तर त्याला लांबून यायची गरजच काय?

आता पावसाळ्यात कमी आणि आश्विनात जास्त, हे कोडं. धो धो पाऊस असतो तेव्हा गटारं वाहती असतात, अळ्या वाहून जातात. बादल्या, टायर भरून सांडत राहतात. पाऊस थांबला की तेच पाणी जागच्या जागी स्थिर होतं. हवा अजून दमट, दुपारी तिशीच्या पुढे पारा. अशा उबेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यात परतीच्या पावसाची एखादी सर आली की कोरड्या भांड्यांच्या कडांना चिकटून राहिलेली एडिसची अंडी एकदम फुटतात. ही अंडी कोरड्यात कित्येक महिने जिवंत राहतात, हे लक्षात ठेवा. पुढे हौद घासण्याचा आग्रह धरणार आहोत तो याच कारणासाठी. कार्तिकानंतर उघड्यावरची भांडी वाळतात, रात्री गार होतात, एडिस कमी होतो. गटारांचं पाणी मात्र आणखी संथ आणि घट्ट होतं आणि क्युलेक्सला तेच हवं असतं.

सेप्टिक टाकीपासून सुरुवात करा. काम दोन तासांचं आहे आणि रात्रीच्या डासांवर परिणाम सर्वांत मोठा. टाकीत खरंच डास होतात का, याची आधी खातरजमा करता येते. संध्याकाळी टाकीच्या गॅस पाइपाच्या तोंडावर मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी बांधा आणि सकाळी उन्हं यायच्या आत बघा. आतून अडकलेले डास दिसले तर ते तुमच्याच टाकीचे. कधी कधी एका रात्रीत पिशवी काळी होते.

पाइप बहुधा चार इंची असतो. हार्डवेअरच्या दुकानातून खिडकीला लावतात ती जाळी आणा, इंचाला १६ भोकांची. स्टीलची घेतलीत तर उत्तम. नायलॉनची जाळी उन्हाने साधारण वर्षभरात ठिसूळ होते आणि कुठे फाटली ते खालून दिसत नाही. दहा इंचांचा चौकोनी तुकडा कापून पाइपाच्या तोंडावर ताणून बसवा आणि पाइपाला आवळायची लोखंडी क्लिप स्क्रूने घट्ट करा. सुतळीने बांधलेली जाळी पहिल्या वादळात जाते. वर टोपी असेल तर टोपी काढून तिच्याखाली जाळी बसवा, टोपीच्या फटींतून डास आरामात ये-जा करतात. बरेच लोक जुनं लुगडं किंवा पोतं चारपदरी करून बांधतात. ते करू नका. धूळ आणि कोळिष्टकांनी कापड बुजतं, गॅस कोंडतो, संडासात वास येऊ लागतो, मग कुणीतरी वैतागून कापड सोडून टाकतं आणि डासांना पुन्हा रान मोकळं होतं. जाळीसुद्धा दिवाळी आणि होळी अशी वर्षातून दोनदा ब्रशने झटकावी लागते.

नुसता पाइप बंद करून भागत नाही. टाकीवरच्या फरश्यांच्या सांधी आणि चेंबरची झाकणं बघा. आगपेटीची काडी आत जाईल एवढी फट डासाला दरवाजासारखी आहे. कायमच्या सांधी एकास चार सिमेंट-वाळूने भरा. उपसा करायला जी फरशी उचलावी लागते तिची सांध मात्र चिकणमातीने किंवा अगदी कमी सिमेंटच्या मालाने लिंपा, नाहीतर पुढच्या उपशाला फरशी फोडावी लागेल. टाकीचं जादा पाणी बाहेर सोडणारा पाइप उघड्या गटारात पडत असेल तर तिथे जाळी लावू नका, गाळाने आठवड्यात तुंबते. स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पाइपाच्या वरच्या कडेला क्लिपने अडकवून तोंडावर लोंबता सोडा. पाणी आलं की तो उचलला जातो, एरवी तोंड झाकलेलं राहतं.

टाकीत फिनेल, ॲसिड, रॉकेल काही ओतू नका. मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात, टाकी लवकर भरते, आणि अळ्यांपर्यंत पोचेपर्यंत फिनेल इतकं पातळ झालेलं असतं की त्यांचं फारसं बिघडत नाही. मोरीचंही तेच.

मोरी आणि न्हाणीचं पाणी कुठे जातं हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण अळू आहे म्हणजे बहुधा तिथेच जात असणार. अळवावरचं पाणी ठरत नाही खरं, पण अळवाखालचं चांगलं ठरतं! वाफ्यात पाणी दोन दिवस तसंच दिसत असेल तर वाफा उंच करून त्याला एका बाजूने उतार द्या, किंवा सांडपाण्यासाठी शोषखड्डा करा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घराघराला शोषखड्डे करून उघडी गटारं संपवली आणि डासांचा त्रास मोडला, तेव्हापासून हे काम राज्यभर माहीत झालं.

पाच-सहा माणसांच्या घराला लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी एक मीटर पुरते. तळाला पाव भाग मोठे दगड, पाच-सहा इंची. त्यावर मध्यम, त्यावर दोन-तीन इंची. वरच्या थरात मधोमध तळाला भोक पाडलेलं मडकं बसवून त्यात नारळाच्या शेंड्या किंवा जाड वाळू भरा आणि सांडपाण्याचा पाइप या मडक्यात सोडा. उरलेल्या भागावर पोतं अंथरून मातीने झाका, म्हणजे वर कुठेही उघडं पाणी राहत नाही. खड्डा फसतो तो दोन कारणांनी. एक, मडक्यातली शेंडी कुणी बदलत नाही. साबणाचा आणि तेलाचा थर खाली उतरून दगडांच्या फटी भरतात. शेंडी पंधरा दिवसांनी धुवा किंवा बदला. दुसरं, जमीन. कृष्णाकाठची काळी, चिकट माती पाणी शोषत नाही. खड्डा घेण्याआधी तिथे फूट-दीड फूट खोल छोटा खळगा काढून दोनदा पाण्याने भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी सकाळपर्यंत तसंच असेल तर तिथे शोषखड्डा चालणार नाही, पाइपाने बंदिस्त गटाराला जोडणं बरं. कुणाच्या पिण्याच्या विहिरीपासून पन्नास फुटांच्या आत खड्डा नको.

आता सकाळचा डास. त्यावरचा उपाय म्हणजे आठवड्याचा कोरडा दिवस : आठवड्यातून एकदा पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायची. आरोग्यसेवक घरोघर हे सांगत फिरतात, लोकही पाळतात, आणि तरी डास राहतात. कारण लोक भांडं रिकामं करतात, घासत नाहीत. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. पाणी ओतून टाकलं तरी अंडी भिंतीवरच, आणि नळाला पाणी आलं की तुम्हीच त्यांना भिजवता. ती उन्हानेही मरत नाहीत. काथ्याने किंवा कडक ब्रशने, राख वा कपड्याची पावडर घेऊन, आतली भिंत काठापर्यंत घासायची. पाण्याच्या रेषेवरचा वीतभर पट्टा दोनदा. मग खळबळून ते पाणी मोरीत न टाकता उन्हात, कोरड्या मातीवर फेकायचं.

तुमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, तेव्हा वार ठरवून चालणार नाही. पाणी येण्याच्या आदल्या संध्याकाळी हौद तळाला आलेला असतो, तेव्हा घासा. दोन पाळ्या करा : एका खेपेला हौद, दुसऱ्या खेपेला पिंप, रांजण, बादल्या. फक्त कुठल्याही भांड्याच्या दोन घासण्यांमध्ये सात दिवसांच्या वर जाऊ देऊ नका. दहाव्या दिवशी घासलंत तर तोवर एक पिढी उडून गेलेली असते.

घासल्यावर झाकण. पिंपांना पातळ धोतराचं कापड दुहेरी करून बांधा. आवळायला सायकलच्या जुन्या ट्यूबची आडवी कापलेली रिंग झकास बसते. कापड ताणलेलंच हवं. मधे झोळ पडून ते पाण्याला टेकलं तर ओल्या कापडावरच अंडी पडतात. प्लॅस्टिकचा कागद टाकला तर त्यावरच्या खळग्यात पाणी साचतं, म्हणजे वर एक नवीन डबकं. हौदाला लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीत जाळी ताणून झाकण करून घ्या. पत्र्याचं झाकण असेल तर हौदाचा काठ सपाट आहे का बघा. वाकड्या पत्र्याखाली बोटभर फट राहतेच. गच्चीवर टाकी असेल तर झाकणाबरोबर तिच्या ओव्हरफ्लो पाइपाचं तोंड जाळीने बांधा. ते जवळजवळ प्रत्येक घरात राहून जातं. तिथे एडिसच नव्हे, हिवतापाचा ॲनोफिलीसही होतो.

मग अंगण-परसाचा फेरफटका. विजेरी आणि पांढरी वाटी घेऊन निघा. विजेरीचा झोत पडला की अळ्या वळवळत खाली जातात, म्हणून पाणी न हलवता मिनिटभर थांबायचं; श्वास घ्यायला त्या वर येतातच. डोकं खाली आणि शेपूट वर अशा तिरक्या लटकलेल्या असतील तर एडिस किंवा क्युलेक्स, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडलेल्या असतील तर ॲनोफिलीस. स्वल्पविरामासारखे बाकदार, टुणटुण उड्या घेणारे दिसले तर ते कोष. कोष काही खात नाहीत, त्यामुळे खाण्यातून मारणारं औषध त्यांना लागू पडत नाही, आणि दोन दिवसांत त्यांचे डास होतात. कोष दिसलेलं पाणी तत्काळ मातीवर ओता.

या दिवसांत कुठे बघायचं? सगळ्यांनाच टायर आणि करवंट्या आठवतात. राहून जातात त्या जागा वेगळ्याच. घरी गणपती विसर्जन केलेली बादली, माती खाली बसलेली आणि वर वीतभर स्वच्छ पाणी, महिनाभर परसाच्या कोपऱ्यात. तुळशी वृंदावनाच्या तळाशी असलेली पन्हाळीची खाच. कुंड्यांखालच्या ताटल्या. पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी. त्याला आठवडा नाही, दोन दिवसांनी बदला. उन्हाळ्यानंतर मागे टाकलेला कूलर : त्याच्या टाकीत पावसाचं पाणी असतंच, आणि वाळ्याच्या ताट्यांवर अंडी चिकटलेली असतात, म्हणून त्या काढून जाळा. सरपणावर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या. पत्र्याच्या छपराची पन्हाळ, पानांनी तुंबलेली. फाटकाचे आणि तारेच्या कुंपणाचे पोकळ लोखंडी खांब, वरून उघडे. त्यात वाळू भरून वर सिमेंटचा गोळा लावा. कुंपणभिंतीवर चोरासाठी बसवलेल्या फुटक्या बाटल्या : बाटलीचा बूड वर आला असेल तर प्रत्येक बूड एक वाटी असते. हातोडीने उडवा किंवा सिमेंटने भरा.

आणि नळाचा खड्डा. पाण्याला दाब नाही म्हणून नळ जमिनीच्या खाली दोन फुटांवर घेतलेला असतो, तुमच्याकडेही असेल. त्या खड्ड्यात गळतीचं पाणी कायम असतं आणि वर फरशी टाकलेली असल्याने सावली, गारवा, शांतता. एडिसला याहून काय हवं? तळाशी पाण्याच्या पातळीच्या वर येईल इतकी खडी भरा, म्हणजे उघडा पृष्ठभागच राहत नाही. नळ सुरू करताना तोटी खडीत बुडत नाही एवढं बघा.

केळीच्या पानांचे बेचके पावसाचं पाणी धरून ठेवतात. आठवड्यातून एकदा पाइपाचा जोरदार झोत मारला की अळ्या मातीवर येऊन मरतात. झाडाच्या ढोलीत जाडी वाळू काठापर्यंत भरा. जिवंत झाडाच्या ढोलीत सिमेंट नको, खोड आतून कुजतं. बांबू तोडताना पेराच्या लगेच वर तोडा, नाहीतर तुटलेलं पेर पेल्यासारखं उभं राहतं. ओसरीवर बाटलीत लावलेला मनी प्लांट असेल तर पाणी बदलताना मुळ्याही नळाखाली धरा, अंडी मुळ्यांना आणि काचेलाही चिकटतात. घरात फ्रिजच्या मागचा ट्रे आणि मुंग्यांसाठी कपाटाच्या पायाखाली ठेवलेल्या वाट्या. या वाट्यांत चमचाभर जाडं मीठ टाकून ठेवा.

दिवाळीत नातवाचा किल्ला होईल, त्यात तळं होईल. होऊ द्या. रोज रात्री त्यातलं पाणी काढायचं काम त्यालाच द्या. दिवाळी संपल्यावर तुळशीपाशी राहिलेल्या पणत्या उपड्या करून ठेवा. अवकाळी सर आली तर एका पणतीतल्या पाण्यातही अळ्या वाढतात.

आडाला गप्पी मासे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा हिवताप विभागाकडे मागितले की मोफत मिळतात. काठाच्या लांबीच्या दर मीटरला पाच ते दहा हा हिशेब. तुमचा आड आठ फूट व्यासाचा धरला तर घेर साधारण साडेसात मीटर, म्हणजे चाळीस ते पंचाहत्तर मासे. एक गप्पी दिवसाला ८०-१०० अळ्या खातो असं धरतात, शिवाय ते पिल्लं घालतात, त्यामुळे पुन्हा आणावे लागत नाहीत. सोडण्याआधी आडावर तरंगणारा पाला आणि शेवाळ काढा. अळ्या त्यात दडतात आणि माशांना पोचता येत नाही. माशांची पिशवी वीस मिनिटं आडाच्या पाण्यावर तरंगत ठेवून मग सोडा, एकदम ओतलेत तर तापमानाच्या फरकाने मरतात. ग्रामपंचायत विहिरींत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते, तेव्हा आपल्या आडाला ती टाकू नका असं त्या माणसाला आधीच सांगून ठेवा. क्लोरीनने मासे जातात. आणि उरलेले गप्पी ओढ्यात किंवा नदीत सोडायचे नाहीत, ते आपले मासे नाहीत आणि तिथल्यांची जागा खातात.

जे पाणी काढता येत नाही आणि जिथे मासेही राहणार नाहीत, त्यासाठी बीटीआय नावाच्या जिवाणूची पावडर किंवा द्रव मिळतो. अळीच्या पोटात गेल्यावरच काम करतो. माणसं, गुरं, मासे, मधमाश्या यांना त्याचा त्रास नाही. इथे हमखास होणारी चूक सांगून ठेवतो. कृषी सेवा केंद्रात ‘बीटी’ मागितलंत तर दुकानदार भाजीवरच्या अळीचं बीटी देईल. ते कुर्स्टाकी जातीचं, डासाच्या अळीवर निरुपयोगी. डब्यावर ‘इस्राएलेन्सिस’ लिहिलेलं पाहूनच घ्या. डब्यावरचं माप पाण्याच्या क्षेत्रफळावर असेल तर खोली सोडून द्या : चार फूट बाय तीन फुटांचं डबकं म्हणजे साधारण एक चौरस मीटर, मग ते वीतभर खोल असो की कमरेइतकं. घाण पाण्यात त्याचा असर लवकर उतरतो, तिथे आठवड्याने पुन्हा टाकावं लागतं.

आरोग्यसेवक ज्याला ॲबेट म्हणतात ते टेमिफॉस, अळ्या मारणारं औषध. साठवणीच्या पाण्यात त्याचं प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅम इतकं बारीक असतं. ते त्यांनाच टाकू द्या, दुकानातून आणून अंदाजाने ओतायची ही वस्तू नाही. त्यांनी टाकलेलं पाणी लगेच ओतूनही देऊ नका. पुष्कळ घरांत ते पुढच्या तासाभरात मोरीत जातं. जळकं ऑइल आड, हौद किंवा बागेच्या मातीजवळ आणू नका. पाण्यावरचा तेलाचा थर अळ्यांचा श्वास कोंडतो हे खरं, पण वाऱ्याने तो एका बाजूला सरकतो, आणि माती मात्र कायमची खराब होते.

धुराची गाडी त्या क्षणी उडत असलेल्या डासांना मारते, एवढंच. हौदातल्या अळ्यांना, पलंगाखाली आणि कपड्यांमागे बसलेल्या एडिसला तिचा पत्ताही लागत नाही. गल्लीत डेंग्यूचे पेशंट असताना तिचा उपयोग आहे, कारण विषाणू घेतलेल्या माद्या तेवढ्यापुरत्या कमी होतात. ती आली की दारं-खिडक्या उघड्या ठेवा, अन्न-पाणी झाका, नातवाला धुरापासून लांब घेऊन जा. कडुनिंबाच्या धुराने डास तासभर लांब राहतात, मरत नाहीत, आणि दम्याच्या माणसाला तो धूर बाधतो. निळ्या दिव्याच्या यंत्रात पाखरं आणि किडेच जास्त मरतात. आवाजाने डास पळवणाऱ्या यंत्रांवर रुपयाही घालवू नका. गवती चहाचं झाड नुसतं लावून डास हटत नाहीत, चहात घाला.

ओसरीवर बसायचं असेल तर सर्वांत स्वस्त उपाय टेबल पंखा, तोही जमिनीलगत, पायांवर वारा येईल असा. डास फार हळू उडतो, वाऱ्यात त्याला नीट उतरताच येत नाही; शिवाय आपल्या श्वासाचा आणि घामाचा वास पांगतो. कोजागरीला गच्चीवर दूध आटवताना दोन पंखे दोन बाजूंना लावून बघा. जास्वंद, तगर, मेंदीच्या खालच्या फांद्या जमिनीपासून दीड फुटापर्यंत छाटा, दुपारी डास याच गार अंधारात बसलेले असतात. सरपण भिंतीपासून हातभर लांब रचा. नातू दुपारी झोपतो तेव्हा मच्छरदाणी लावा. रात्री लावून दिवसा गुंडाळून ठेवण्यात डेंग्यूच्या बाबतीत काही अर्थ नाही.

घरात कुणाला ताप आलाच तर पॅरासिटामॉलखेरीज काही देऊ नका. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन असलेल्या गोळ्या डेंग्यूत रक्तस्राव वाढवू शकतात. डेंग्यू आहे का हे बघायला पहिल्या पाच दिवसांत रक्ताची एनएस१ तपासणी करतात, त्यानंतर आयजीएम. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसात पोटात जोरात दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल पडणं यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि आजारी माणसाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत त्याला चावलेली मादी आठ-दहा दिवसांनी घरातल्या इतरांना विषाणू देऊ शकते.

पहिल्या आठवड्यात फरक जाणवणार नाही, आज उडत असलेले डास दोन-तीन आठवडे जगतात. तिसऱ्या आठवड्यानंतरही सकाळी तुळशीपाशी तेवढेच चावत असतील तर अर्थ सरळ आहे : पाणी कुंपणापलीकडे आहे. शंभर पावलांत कुलूप लागलेलं घर, अर्धवट बांधकाम, पंक्चरवाल्याचं दुकान, भंगाराचा ढीग आहे का बघा. बांधकामावर विटा भिजवायचं पिंप आणि स्लॅबवर क्युरिंगसाठी बांधलेली मातीची वाफी आधी तपासा. एकट्याने सांगायला जाऊ नका, त्यावरून भांडणं होतात. आशाताई किंवा आरोग्यसेवक सर्वेक्षणाला येतील त्या दिवशी त्यांच्याबरोबर जा आणि वाटीत काढलेल्या अळ्या घरमालकाला दाखवा. कुलूपबंद घराच्या मालकाला फोटो पाठवून चावी कुणाकडे आहे ते विचारा. आत बहुधा कूलर निघेल.